एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची रोजची खुशाली: फोन उचलला नाही तर पुढे काय करायचं?

नवी_फेरी (प्रश्न)

नमस्कार. आमच्या वसाहतीत एकटे राहणारे किंवा नवरा-बायको दोघंच असलेले 26 ज्येष्ठ आहेत. रोज सकाळी प्रत्येकाची खुशाली कळेल अशी व्यवस्था लावायची आहे. स्वयंसेवक 9, सगळेच नोकरी-संसार सांभाळणारे. सध्या एक व्हॉट्सॲप गट आहे. त्यात सगळ्यांची नावं, घर क्रमांक आणि कोण एकटं राहतं याची यादी टाकली आहे. सकाळी ज्यानं त्यानं 'सुप्रभात' टाकायचं, इतकंच ठरलंय.

एवढं पुरणार नाही हे कळतंय, पण पुढे काय ते ठरत नाही. फोन आम्ही करायचा की त्यांनी? कोणी उचलला नाही तर किती वेळ थांबायचं आणि मग काय? घराची किल्ली आमच्याकडे ठेवावी का? कोणी पडलेलं सापडलं तर उचलावं का? काहीजण बँकेची आणि औषधांची कामंही सांगतात, ती घ्यावीत का? ज्यांनी असं काम चालवलं आहे त्यांनी तपशिलात सांगावं. 'आपुलकीनं चौकशी करा' हे आम्हाला माहीत आहे, त्याच्या पुढचं हवं आहे.

समन्वयक_पूर्व

आधी एक काम आजच करा: ती यादी गटातून काढा. कोण एकटं राहतं आणि कुठं, हे चोराला आयतं सांगून ठेवल्यासारखं आहे. गटातला एक फोन हरवला किंवा कोणी यादी पुढे पाठवली की ती परत आणता येत नाही. यादी कागदावर, दोन प्रती, दोन ठरलेल्या माणसांकडे.

'सुप्रभात'चा गट का चालत नाही ते सांगतो. संदेश आला की सगळ्यांना दिसतो, पण आला नाही हे कोणालाच दिसत नाही, कारण ते बघणं कोणा एकाचं काम नसतं. 26 पैकी 23 संदेश आले की गट भरलेला वाटतो. उरलेले तीन कोण, हे शोधायला समोर यादी घेऊन बसलेलं माणूस लागतं. हे माणूस म्हणजेच तुमची सेवा, बाकी सगळं त्याच्या सोयीसाठी.

फोन कोणी करायचा? ज्येष्ठांनी मिस्ड कॉल द्यायचा, साडेआठ ते नऊच्या दरम्यान, एका ठरावीक नंबरवर. नऊ वाजता ज्यांचा आला नाही त्यांना स्वयंसेवकाने फोन करायचा. यामुळे 26 फोनांऐवजी रोज मोजकेच करावे लागतात आणि नोकरीवाल्याला ते जमतं. नंबर मात्र एकच हवा. त्यासाठी वेगळं सिम घ्या आणि त्या दिवशी ज्याची पाळी त्याच्याकडे तो फोन द्या, किंवा कॉल त्याच्या नंबरवर वळवा. दर दिवशी वेगळ्या नंबरवरून फोन गेला तर अनोळखी नंबर म्हणून उचलत नाहीत, आणि उचलू नये असंच आपण त्यांना शिकवलेलं असतं. तो नंबर प्रत्येकाच्या फोनमध्ये एका बटणावर लागेल असा भरून द्या.

ज्यांना मिस्ड कॉल देणं जमत नाही त्यांची यादी वेगळी. त्यांना रोज आपणच फोन करायचा.

आता मुख्य मुद्दा, फोन उचलला नाही तर. हा क्रम कागदावर लिहून त्या फोनच्या पाठीमागे चिकटवा, कारण त्या क्षणी प्रत्येकाला वाटतं, 'अंघोळीला गेले असतील, अर्ध्या तासाने बघू.' 9:00 ला पहिला फोन. 9:10 ला पुन्हा, मोबाईल आणि घरचा फोन दोन्हीवर. 9:15 ला शेजाऱ्याला सांगून बेल वाजवायची, दारावर थाप, नावाने हाक, खिडकीतून डोकावणं. तेव्हाच दुसऱ्या स्वयंसेवकाने नातेवाइकाला फोन करायचा, कारण ते काल रात्रीच लेकीकडे गेलेले असू शकतात. 9:30 पर्यंत पत्ता लागला नाही तर किल्ली घेऊन दोघांनी जायचं. एकट्याने कधीच नाही. आतून आवाज येतोय पण दार उघडत नाही, किंवा किल्ली फिरते पण दार अडलंय, तर वाट न बघता आपत्कालीन सेवेला फोन.

इतकी घाई का? पडलेलं माणूस एका तासापेक्षा जास्त जमिनीवर राहिलं की दुखापत किरकोळ असली तरी प्रकृती बिघडायला लागते. अंगाखाली दबलेले स्नायू तुटू लागतात, त्यातली द्रव्यं रक्तात उतरून मूत्रपिंडाला इजा करतात, दाबाच्या जागी कातडीवर जखमा होतात, पाणी कमी पडतं, थंडीत अंग गार पडतं. आणि तुमचं घड्याळ नऊला सुरू झालं तरी त्यांचं कदाचित रात्री दोनला सुरू झालेलं असतं. म्हणूनच ज्यांना अलीकडे पडण्याचा त्रास झाला आहे त्यांना संध्याकाळचाही एक फोन ठेवा. नुसती सकाळची हजेरी असेल तर दोन हजेऱ्यांमध्ये जवळजवळ चोवीस तासांची फट राहते.

किल्ली असूनही आत जाता येत नाही, हा प्रकार सर्रास होतो. कारण आतली कडी. लोक रात्री लॅच लावतात, वर कडी, शिवाय साखळी. मग किल्लीचा काही उपयोग नाही. पहिल्या भेटीतच हे बघा: बाहेरून किल्लीने उघडेल असं एकच चांगलं कुलूप बसवा आणि कडी न लावण्याचं त्यांच्याशी बोलून ठरवा. कडी हीच त्यांना सुरक्षितता वाटते, म्हणून नुसतं 'लावू नका' म्हणून भागत नाही. दारात बघायचं भिंग आणि बाहेर दिवा असेल तर ती सोडायला तयार होतात. न्हाणीघराच्या दाराचंही तेच. आत उघडणारं दार असेल आणि माणूस दारामागे पडलं तर दार ढकलणं म्हणजे त्यालाच ढकलणं. दार बाहेर उघडेल असं फिरवून घ्या, नाही तर निदान बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवा.

खोट्या धावपळी होणारच. बहुतेक वेळा कारण एकच असतं: माणूस न सांगता बाहेर गेलेलं. अशा वेळी रागावू नका. एकदा बोलणं खावं लागलं की ते पुढच्या महिन्यात 'माझं नाव काढा' म्हणतात. 'बाहेर जाताना एक मिस्ड कॉल द्या' इतकंच सांगा आणि वहीत 'बाहेर, अमुक तारखेपर्यंत' लिहा.

रात्रपाळी

समन्वयकांनी क्रम छान सांगितला आहे. मी परिचारिका म्हणून फोनवर काय विचारायचं आणि काय ऐकायचं तेवढंच लिहिते.

'कशा आहात काकू?' याला एकच उत्तर मिळतं, 'बरी आहे.' त्यातून काही कळत नाही. ज्याचं उत्तर 'हो' किंवा 'बरं' असं देता येणार नाही ते विचारा. आज उठल्यापासून काय खाल्लं? रात्री लघवीला किती वेळा उठावं लागलं? औषधाच्या डबीतला आजचा सकाळचा खण रिकामा झाला का? काल कोणाशी बोलणं झालं? रोज सगळं नाही, यातलं एक-दोन. उत्तरापेक्षा कालच्या उत्तराशी फरक पडला का ते महत्त्वाचं. म्हणून वहीत तारीख, वेळ, आद्याक्षरं आणि एक ओळ. 'ठीक' हा शब्द लिहू नका. 'रात्री चारदा उठल्या, एरवी एकदा' असं लिहा.

माणूस एक-दोन दिवसांत अचानक गोंधळलं, वार-वेळ चुकू लागली, भलतंच बोलू लागलं किंवा उलट गप्प-गुंग राहू लागलं, तर ते 'वय झालं' म्हणून सोडू नका. वयाने येणारं विसरणं महिन्या-वर्षांत वाढतं. असा झपाट्याने आलेला गोंधळ बहुधा कशामुळे तरी असतो: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, लघवी तुंबणं, बद्धकोष्ठ, नवं औषध. वयस्कर माणसाला संसर्ग असूनही ताप येईलच असं नाही. त्यामुळे 'ताप नाही ना?' एवढ्यावर निश्चिंत होऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर.

फोनवर शब्द अडखळतायत, जीभ जड वाटते, तर तो पक्षाघात असू शकतो. लगेच कोणीतरी समोर जाऊन तीन गोष्टी बघा: हसायला सांगितलं तर तोंड एका बाजूला ओढलं जातं का, दोन्ही हात समोर धरले तर एक खाली येतो का, साधं वाक्य नीट म्हणता येतं का. एकही बिघडलं असेल तर थेट रुग्णालय, शक्यतो जिथे मेंदूचा सीटी स्कॅन होतो तिथे. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, आणि ते तास माणूस शेवटचं ठणठणीत कधी होतं तिथून मोजतात. डॉक्टर हाच प्रश्न आधी विचारतात आणि एकट्या माणसाच्या बाबतीत बरेचदा कोणालाच उत्तर येत नाही. तुमच्या वहीत 'सकाळी 8:40, बोलणं स्वच्छ' असं लिहिलेलं असेल तर ती ओळ घेऊन जा. तोवर तोंडात काही घालू नका, पाणी नाही, गोळी नाही. गिळणं बिघडलेलं असेल तर ते फुप्फुसात जातं.

मधुमेहाचं औषध चालू असलेल्या माणसाला घाम, थरथर, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी असेल तर रक्तातली साखर उतरलेली असू शकते. ते शुद्धीवर असून नीट गिळू शकत असेल, तर पाण्यात तीन चहाचे चमचे साखर घालून द्या, पंधरा मिनिटांनी परत बघा. बेशुद्ध असेल तर तोंडातून काहीही नाही.

उन्हाच्या लाटेत दुपारीही फोन करा. म्हातारपणी तहान लागल्याचं नीट कळत नाही, म्हणून 'तहान लागली की प्या' चालत नाही, वेळ ठरवून घोट घ्यावे लागतात. पण हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याची मर्यादा घातलेली असते. त्यांना सरसकट 'भरपूर पाणी प्या' सांगू नका, ती मर्यादा माहितीपत्रकात लिहून ठेवा.

माहितीपत्रक म्हणजे एका पानाचा कागद: नाव, दोन नातेवाइकांचे नंबर, डॉक्टर, आजार, चालू औषधं आणि मात्रा, कोणत्या औषधाची ॲलर्जी, कानाचं यंत्र आहे का, पेसमेकर आहे का, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का. शेवटचं ठळक लिहा. ती गोळी चालू असताना डोक्याला मार लागला तर माणूस हसत-बोलत असलं तरी रुग्णालयात न्यायचं, आतला रक्तस्राव हळूहळू वाढत जातो. कागद प्लास्टिकच्या पाकिटात, मुख्य दाराच्या आतल्या बाजूला, सगळ्या घरांत त्याच जागी. वर तारीख, आणि दर तीन महिन्यांनी बदल. जुन्या औषधांचा कागद असण्यापेक्षा नसलेला बरा.

कमी ऐकू येणाऱ्यांशी ओरडून बोलू नका. वयाने येणाऱ्या बहिरेपणात वरच्या पट्टीचे आवाज आधी जातात, आणि ओरडलं की आवाज नेमका वर चढतो. खालच्या पट्टीत, सावकाश, वाक्य तोडून.

पायरी_सांभाळून

पडलेल्या माणसाला उचलावं का? उचलू नका. हे मी फिजिओथेरपिस्ट म्हणून सांगते. काखेत हात घालून ओढलं की त्यांचा खांदा निखळू शकतो आणि तुमची कंबर जाते. शिवाय खुब्याचं हाड मोडलं असेल तर मोडलेली टोकं हलतात.

आधी तसंच राहू द्या आणि विचारा: कुठे दुखतंय? डोकं आपटलं का? मान हलवताना दुखतं का? हात-पाय हलतात का? मग पायांकडे बघा. एक पाय आखूड दिसतोय आणि बाहेरच्या बाजूला वळलाय, तर खुब्याजवळचं हाड मोडल्याचं ते ठळक लक्षण. पण हाड एकमेकांत रुतून बसलेलं असेल तर माणूस चार पावलं चालूही शकतं. म्हणून पडल्यानंतर जांघेत दुखतंय असं कोणी म्हणालं की, चालता येत असलं तरी, एक्स-रे होईपर्यंत चालवू नका.

काहीच दुखत नसेल आणि माणूस भानावर असेल तर त्याला स्वतः उठायला मदत करा. दोन भक्कम खुर्च्या आणा. आधी कुशीवर वळायचं, मग कोपरावर, मग हात-गुडघ्यांवर यायचं. पहिली खुर्ची समोर ठेवा, दोन्ही हात तिच्या बैठकीवर. जो पाय जास्त मजबूत तो पुढे टेकवायचा आणि हातांनी रेटा देत वर यायचं. दुसरी खुर्ची मागून सरकवा, तिच्यावर बसवा. तुमचं काम खुर्च्या घट्ट धरण्याचं आणि पुढचं पाऊल काय ते सांगण्याचं, वजन उचलण्याचं नाही. प्रत्येक टप्प्यावर थांबू द्या. जमत नसेल तर जबरदस्ती नको: अंगावर पांघरूण, डोक्याखाली मऊ काहीतरी, आणि मदत बोलवा. बसल्यावर लगेच चालायला लावू नका.

आता पडूच नये म्हणून. तुमचे स्वयंसेवक पहिल्या भेटीत दहा मिनिटांत एवढं बघू शकतात.

काठी. हात सैल सोडून, रोजच्या चपला-बूट घालून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीपाशी यायला हवी. मूठ धरल्यावर कोपर जरासं वाकतं, पंधरा ते तीस अंश. दुसऱ्याची उरलेली काठी वापरणाऱ्यांची ती बरेचदा उंच असते, आणि उंच काठीने खांदा वर उचलला जाऊन तोल जातो. काठी दुखऱ्या पायाच्या उलट बाजूच्या हातात धरायची. बरेचजण दुखऱ्या बाजूलाच धरतात. टोकाचं रबर उलटं करून बघा. रेषा झिजून गुळगुळीत झाल्या असतील तर ओल्या फरशीवर ती काठी घसरते. रबर बदलणं मिनिटभराचं काम आहे आणि ते राहून जातं.

न्हाणीघर. टॉवेल वाळत घालायची दांडी म्हणजे आधाराची दांडी नव्हे. ती माणसाचं वजन पेलत नाही, पण घसरताना हात तिच्याकडेच जातो. चोषकाने चिकटणाऱ्या दांड्याही नकोत, ओल्या फरशीवर त्या सुटतात. स्क्रूने भिंतीत बसवलेली, पकडीला 32 ते 38 मिमी जाडीची, भिंतीपासून साधारण 38 मिमी अंतरावरची दांडी घ्या. अंतर जास्त असेल तर हात मागे सटकून अडकतो. उंची सहसा 85 ते 90 सेंमी. पण ज्यांच्यासाठी आहे त्यांना उभं करून, हात कुठे जातो तिथे खूण करून मगच भोक पाडा. फरशी पोकळ वाजत असेल तर नुसत्या फरशीत रावळ (स्क्रूसाठी भोकात बसवायचा प्लास्टिकचा खुंट) धरत नाही, मागच्या विटेत किंवा काँक्रीटमध्ये जाईल एवढा लांब स्क्रू लागतो. बसवल्यावर गवंड्याने स्वतः लोंबकळून दाखवावं.

पलंगापासून संडासापर्यंतची वाट रात्री दिसली पाहिजे. त्या वाटेवर सुटं पायपुसणं, वायर, पाट काहीही नको. उठताना गरगरणाऱ्यांना सांगा: आधी पलंगाच्या काठावर बसा, पावलं वर-खाली हलवा, मग उभे राहा आणि पकडून थोडं थांबा. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 ने उतरत असेल तर डॉक्टरांना सांगायचं. बरेचदा रक्तदाबाच्या, लघवीच्या किंवा झोपेच्या गोळ्यांचा फेरविचार करावा लागतो.

चाचणी हवी असेल तर सोपी आहे. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जायचं, वळून परत येऊन बसायचं. बारा सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका वाढलेला. शेजारी एकजण उभा हवाच. अशांना पायांची ताकद आणि तोल यांचा व्यायाम हवा. न्यूझीलंडमधला ओटागो व्यायामक्रम याच कामाचा आहे, त्याच्या अभ्यासांत पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलेलं दिसलं. खुर्चीत बसून हात-पाय हलवण्याने सांधे मोकळे होतात, पण तोल सुधारायला उभं राहूनच काम करावं लागतं. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून टाचा उचलणं, एका पावलापुढे दुसरं लावून उभं राहणं, आठवड्यातून तीनदा, आणि ते महिनोन्‌महिने.

नवी_फेरी

यादी गटातून काढली. पण एकदा गेलेली यादी प्रत्येकाच्या फोनमध्ये आहेच, त्यामुळे प्रत्येकाला वेगळं सांगून पुसायला लावतोय. किल्ल्या आणि पैशाबद्दल कोणी सांगेल का? शिवाय पाच-सहाजण सरळ 'आम्हाला नको' म्हणतात.

हिशेबनीस

किल्ली: प्रत्येक किल्लीला नुसता आकडा. नाव नाही, घर क्रमांक नाही. कोणता आकडा कोणाचा, ती यादी वेगळ्या माणसाकडे. किल्ली पाकिटात, पाकीट बंद करून तोंडावर घरमालकाची सही आडवी, म्हणजे उघडलं तर कळतं. वापरल्यावर वहीत तारीख, वेळ, कारण, आत गेलेल्या दोघांच्या सह्या, आणि त्याच दिवशी नव्या पाकिटात नवी सही. आकडे फिरवून उघडणारी छोटी किल्लीपेटी भिंतीत बसवणार असाल तर स्वयंसेवक बदलला की आकडाही बदला. 'आमच्या गैरहजेरीत, फोन न उचलल्यास आत यायला हरकत नाही' असं एका ओळीचं लेखी संमतिपत्र आधी घ्या. नातेवाइकाचं नव्हे, त्यांचं स्वतःचं. परदेशातल्या मुलाने फोनवर हो म्हणणं म्हणजे आईने हो म्हणणं नव्हे.

पैसे: कार्ड, पिन, ओटीपी, सही केलेला कोरा चेक, यातलं काहीही स्वयंसेवकाने हातात घ्यायचं नाही. ते स्वतःहून देत असले तरी. बँकेत सोबत जायचं, रांगेत खुर्ची मिळवून द्यायची, स्लिप वाचून दाखवायची, खिडकीवर मात्र त्यांनी बोलायचं. सामान आणायचं असेल तर यादी त्यांच्या हातची किंवा त्यांच्यासमोर लिहिलेली, पैसे त्यांच्यासमोर मोजून घेतलेले, परतताना पावती आणि सुटे मोजून दिलेले, दोघांच्या सह्या. दोन वह्या: एक त्यांच्या घरी, एक तुमच्याकडे. लोकांना हा अविश्वास वाटतो. पण रक्कम विसरणारं माणूस असेल तर उद्या संशय स्वयंसेवकावरच येणार, आणि तेव्हा त्या सहीशिवाय त्याला वाचवणारं काही नसतं. हे त्याला पहिल्याच दिवशी समजावून सांगा.

उसने पैसे, भेटी, मृत्युपत्रावर साक्षीदार, खात्यावर वारस म्हणून नाव, हे चारही पूर्ण बंद. अपवाद केला की पुढचा नाही म्हणताना कारण उरत नाही.

'मी खुशालीवाला बोलतोय' म्हणून ठगही फोन करू शकतो. म्हणून प्रत्येक घराशी एक परवलीचा शब्द ठरवा, आणि सगळ्यांना सांगून ठेवा की खुशालीच्या फोनवर पैशाचा, कार्डाचा विषय कधीच निघत नाही. निघाला तर फोन ठेवायचा आणि ठरावीक नंबरवर आपण उलट लावायचा.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. एरवी मोकळं बोलणारं माणूस अचानक मोजून बोलू लागलं, फोन दरवेळी दुसरंच कोणीतरी उचलतं, भेटायला गेलं तर एकट्याशी बोलू दिलं जात नाही, बिलं थकायला लागली, अंगावर वळ आहेत आणि कारण दरवेळी वेगळं. घरातल्याच कोणाकडून छळ होत असू शकतो. तिथे स्वयंसेवकाने जाब विचारायला जाऊ नये, त्याचा राग मागाहून त्या म्हाताऱ्या माणसावरच निघतो. तारखेसह लिहून ठेवा, समन्वयकाला सांगा, त्या माणसाला एकट्याला गाठून काय हवंय ते विचारा, आणि जिवाला धोका दिसला तर पोलीस.

सांजवेळ

'नको' म्हणणाऱ्यांबद्दल. त्यातल्या बहुतेकांना फोन नको नसतो, परावलंबी ठरणं नको असतं. त्यांना तुमच्या बाजूला घ्या. 26 मधले निम्मे तरी स्वतः फोन करू शकतील. नऊ वाजता घरी निवांत असणारी माणसं तुमच्या नऊ नोकरदारांपेक्षा हीच. निवृत्त शिक्षक, कारकून, टेलिफोन खात्यातली माणसं वही इतकी नेटकी ठेवतात की बघत राहावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2007 साली वयस्नेही शहरांसाठी जी मार्गदर्शिका काढली तिच्या आठ विषयांत आरोग्यसेवेच्या बरोबरीने समाजकार्यातला सहभाग आणि मान हेही आहेत, आणि ते उगाच नाहीत.

तरीही नको म्हणाले तर खुणेवर ठरवा: नऊपर्यंत समोरच्या खिडकीचा पडदा उघडलेला दिसेल. समोरच्या घराने तेवढंच बघायचं. तेही नको असेल तर नाव सोडा आणि दोन-तीन महिन्यांनी परत विचारा. जबरदस्तीने नाव घालू नका. शहाणं माणूस धोका समजून नाही म्हणतंय तर तो त्याचा हक्क आहे.

हजेरी आणि गप्पा यांची गल्लत करू नका. हजेरीचा फोन दोन मिनिटांचा. ज्यांना बोलायला माणूस हवंय त्यांना आठवड्यातून एक-दोनदा ठरलेल्या वेळी, ठरलेल्याच माणसाचा वेगळा फोन किंवा भेट. दोन्ही एकाच फोनमध्ये कोंबलं की फेरी दहाला संपत नाही, न उचललेला फोन मागे पडतो आणि बोलणाऱ्यालाही घाईत तोडलं जातं. कोणाला याची गरज आहे ते ओळखायला तीन प्रश्न वापरतात: सोबत नाही असं किती वेळा वाटतं, आपल्याला वगळलं जातंय असं किती वेळा, आपण इतरांपासून तुटलोय असं किती वेळा. 'क्वचित' ला 1, 'कधी कधी' ला 2, 'बऱ्याचदा' ला 3. बेरीज 6 किंवा जास्त आली तर तिथे माणूस द्या. हे फॉर्म भरल्यासारखं विचारू नका, गप्पांच्या ओघात विचारा.

पाळ्यांचं गणित: रोज एक मुख्य आणि एक राखीव, म्हणजे आठवड्याच्या 14 पाळ्या. नऊजणांत प्रत्येकाला आठवड्यातून एक किंवा दोन येतात, झेपतात. राखीव म्हणजे नावापुरता नाही. मुख्य माणसाने 8:30 ला 'सुरू' असं कळवलं नाही तर 8:35 ला राखीव माणूस फोन हातात घेतो. अशा सेवा बहुधा सणासुदीला आणि सुट्टीत कोसळतात, आणि एकट्या माणसाला तेच दिवस जड जातात. सुट्ट्यांच्या पाळ्या महिनाभर आधी लावा.

सुरुवात 26 जणांनी करू नका. आधी आठ घरं, एक महिना. त्या महिन्यात एका काकांशी ठरवून त्यांना मुद्दाम फोन उचलू देऊ नका आणि फोन न उचलल्यावरचा क्रम खरोखर पाळला जातो का बघा. किल्लीचं पाकीट सापडत नाही, नातेवाइकाचा नंबर बदललेला, शेजारी गावाला गेलेले, हे सगळं त्या एका सरावात बाहेर येतं.

विसरण्याचा आजार असलेल्यांसाठी फक्त फोन पुरत नाही. 'जेवले' म्हणतील आणि जेवलेले नसतील. तिथे समोर जाऊनच बघावं लागतं, आणि दुकानदार, रिक्षावाले, पहारेकरी यांनाही थोडं शिकवावं लागतं. जपानमध्ये 2005 पासून यासाठी साधारण दीड तासाचा वर्ग घेतात: आजार काय असतो, गोंधळलेल्या माणसाशी मागून हाक न मारता समोरून, सावकाश, एकावेळी एकच प्रश्न विचारत कसं बोलायचं. वसाहतीत असा एक वर्ग सहज होतो.

रात्रपाळी

एक राहिलं, आणि ते महत्त्वाचं आहे. रुग्णालयातून घरी सोडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे. अंगात ताकद नसते, औषधं बदललेली असतात, आणि घरी जुन्या पाकिटांचा साठा तसाच असतो. एकच औषध दोन कंपन्यांच्या नावांनी असतं. माणूस जुनंही घेतं, नवंही घेतं, मग रक्तदाब किंवा साखर एकदम खाली. या काळात रोज दोन फोन ठेवा.

घरी आल्यादिवशी नातेवाईक किंवा औषध-दुकानातल्या फार्मासिस्टला सोबत बसवा. रुग्णालयाच्या कागदावरची यादी आणि घरातली सगळी पाकिटं शेजारी शेजारी मांडा. पाकिटावरचं मोठ्या अक्षरातलं नाव नव्हे, त्याखालचं बारीक अक्षरातलं मूळ औषधाचं नाव जुळवा. जी यादीत नाहीत ती पिशवीत घालून वर 'डॉक्टरांना विचारेपर्यंत बंद' लिहा आणि दुसऱ्या खोलीत ठेवा, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून त्यातलं कोणतं चालू ठेवायचं ते विचारा. डबी स्वयंसेवकाने भरू नये, ती घरच्यांनी किंवा परिचारिकेने भरावी. एखादा डोस चुकला म्हणून पुढच्या वेळी दोन घेऊ नका, हे त्यांना लिहून द्या आणि तो कागद डबीवरच चिकटवा.